गुन्हे घटले म्हणजे चोऱ्या घटल्या का?

परतूरचा शेतकरी
सीआयडीचा वार्षिक अहवाल आला की पेपरात मथळे सुरू: अमक्या जिल्ह्यात गुन्हे वाढले, तमक्यात घटले. वाढले की ठाणेदाराला बोलणी, घटले की कौतुक. मी म्हणतो, घटलेल्या आकड्यावर आधी संशय घ्या. मागच्या रब्बीत माझी विहिरीवरची पाच एचपीची मोटार चोरीला गेली. ठाण्यात म्हणाले, "अर्ज देऊन जा, बघतो." कोऱ्या कागदावर लिहून दिलं, शिक्क्याची पोच मिळाली. एफआयआर नाही. ही चोरी कुठल्याच आकड्यात आली नाही.

निवृत्त हवालदार, लातूर
दादा, तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. पण त्यावरून अख्खा अहवाल खोटा ठरवू नका. खून सहसा लपत नाही; प्रेत सापडतं, पंचनामा होतो, पोस्टमार्टेम होतं. गाडी चोरीला गेली तर विम्यासाठी एफआयआर लागतेच. हे आकडे भरवशाचे. आणि मोजायचा नियम दरवर्षी तोच असेल तर तुलना का करू नये?

परतूरचा शेतकरी
नियम तोच कुठं राहिला? 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले, त्यांत 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र झाली, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. देशभरातले गुन्ह्यांचे आकडे काढणाऱ्या केंद्राच्या एनसीआरबीच्या अहवालात मोजतात ते दखलपात्र गुन्हे. शिवारातल्या चोऱ्या बऱ्याचदा याच किमतीच्या: तीस-चाळीस फूट केबल, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या. केबल गेली की भिजवण थांबतं, हरभरा डोळ्यांदेखत सुकतो. ते नुकसान कुठं मोजणार?

अंगणवाडी सेविका, बीड
मला तर वाढलेला आकडा चांगला वाटतो. बालविवाहाचंच बघा. ऊसतोडीला जायच्या आधी पोरीचं लग्न उरकतात. मागं एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा घोर. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि त्याला रोज त्याच गावात काम करायचंय. त्यानं हिंमत करून फिर्याद दिली तर एक गुन्हा वाढतो. त्या वाढीवरून जिल्ह्याला नावं ठेवली तर पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल?

निवृत्त हवालदार, लातूर
ताई, हे पटलं. तरी ठाण्यातल्यांची बाजू सांगतो: बंदोबस्त, मोर्चे, कोर्टाची समन्स यातून तपासाला माणूसच उरत नाही. पण म्हणून दखलपात्र गुन्हा नोंदवायचा नाही, असं चालत नाही. ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2013 सालीच ते स्पष्ट केलंय. दादा, मोटारीची किंमत पाच हजारांच्या वर आहेच. त्याच नव्या कायद्यांपैकी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, लेखी तक्रार पोस्टानं पाठवा.

परतूरचा शेतकरी
पोच जपून ठेवलीय. मोटारीची पावती दुकानदाराकडून काढून घेतो आणि सोमवारी तक्रार पोस्टानं पाठवतो.