मदत हवी आहे: माद्रिदला दोन विमानांमध्ये किती वेळ ठेवू?

लिस्बन–माद्रिद हवाई अंतर साधारण 510 किमी, उड्डाण सव्वा तासाचं. पण स्पेनचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे सकाळी 8 चं विमान तिथे सव्वादहाला पोचतं. पुढे दोह्यामार्गे मुंबई.

दोन्ही तिकिटं वेगळी, त्यामुळे सामान माद्रिद विमानतळाच्या टी2 ला (टर्मिनल 2) घेऊन बसने टी4 गाठायचं, पुन्हा चेक-इन, मग भुयारी ट्रेनने टी4एस (टी4 ची वेगळी जोड-इमारत) आणि तिथे पासपोर्ट तपासणी. उतरताना तपासणी नाही, दोन्ही देश शेंगेनमधले (आपापसात पासपोर्ट तपासणी नसलेला युरोपीय देशांचा गट). लिस्बनहून माद्रिदला थेट रेल्वे नाही, म्हणून तो पर्याय सुचवू नका. सोबत आई, व्हीलचेअर लागते.

दुपारी 2 चं विमान आहे. पावणेचार तास पुरतील, की आदल्या रात्रीच माद्रिदला मुक्काम करावा?