डब्ल्यूएक्समॅक्सिमा उघडतो, पण मॅक्सिमा जोडला जात नाही

प्रश्न: उद्या बारावीच्या मुलांना इंटिग्रेशन दाखवायचंय. मॅक्सिमा या गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची खिडकी, म्हणजे डब्ल्यूएक्समॅक्सिमा, उघडते, पण २+२ चंही उत्तर येत नाही. टर्मिनलमध्ये नुसता मॅक्सिमा झकास चालतो. दोनदा इन्स्टॉल करून झालं.

उत्तर: म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, अडलंय ते दोघांच्या बोलण्यात. खिडकी आधी लोकलहोस्टवर (म्हणजे त्याच संगणकावर) पोर्ट, म्हणजे जोडणीसाठीचं क्रमांक असलेलं दार, उघडून वाट बघते; जुन्या आवृत्त्यांत सहसा ४०१०. मग तोच आकडा देऊन मॅक्सिमाला सुरू करते. जोडणी मॅक्सिमाने करायची असते, खिडकीने नाही! जोडण्या अडवणारी फायरवॉल बघा.

दुसरं उत्तर: लटकलेल्या जुन्या प्रोसेस आधी मारा.

प्रश्नकर्ती: सापडलं! फायरवॉलच्या यादीत मी मॅक्सिमा शोधत होते. अडवलेलं नाव होतं एसबीसीएल, मॅक्सिमाला चालवणारं लिस्प (मॅक्सिमा ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलाय ती). परवानगी दिली आणि ४ उमटले. मनापासून आभार.