‘वस्तीला वास येतो’ : नेमका कोणाचा?

प्रश्न : आमच्या वस्तीला लागून कचरा डेपो आहे. तक्रारअर्जात लिहिलं, ‘संध्याकाळनंतर आमच्या वस्तीला फार दुर्गंधी येते.’ वाचणाऱ्याने विचारलं, ‘मग वस्ती स्वच्छ ठेवा की!’ माझं वाक्य चुकलं का? आणि दुर्गंध म्हणावं की दुर्गंधी?

– दोन्ही रूढ आहेत. दुर्गंध पुल्लिंगी, दुर्गंधी स्त्रीलिंगी. वाक्य व्याकरणाने चुकलेलं नाही, पण ‘ला’ने घात केलाय. ‘मला वास येतो’ यात वास घेणारा मी. ‘कपड्यांना वास येतो’ यात वास कपड्यांचाच. ‘वस्तीला’ दोन्हींत बसतं, आणि वस्ती गरिबांची असली की वाचणारा दुसरा अर्थ चटकन उचलतो. हे मला फार लागतं. जो वास सोसतो त्याच्याच अंगाला तो चिकटवला जातो.

शिवाय ‘येते’ म्हटलं की दुर्गंधी आपली आपण आली असं होतं. ‘सोडणे’ला कर्ता लागतो : कारखाना वास सोडतो. कर्ता लिहा.

– ‘घाण येते’ असंही लिहू नका. हा शब्द संस्कृत ‘घ्राण’वरून आला, म्हणजे मुळात नाकाशीच नातं. पण आज घाण म्हणजे कचरासुद्धा. दोन झाडूवाले येऊन रस्ता झाडतील नि तक्रार निकाली! वास कसला ते लिहा. कुजकट, आंबूस, करपट, डोळ्यांना झोंबणारा... सडक्या अंड्यांसारखा असेल तर हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा संशय घेता येतो, झोंबत असेल तर अमोनियाचा.

प्रश्नकर्ता : सडक्या अंड्यांसारखाच. पण ‘तुम्हाला आता सवय झाली असेल’ असंही ऐकवलं गेलं.

– नाक सरावतं, फुप्फुसं नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांच्या आसपास गेला, तर वास कळणंच थांबतं. त्याला सवय नव्हे, बधिरता म्हणायचं.

प्रश्नकर्ता : ‘पर्यावरणीय न्याय’ हा शब्द घालू का? जड वाटतो.

– जड आहे, तरी घाला. 1982 मध्ये अमेरिकेतल्या वॉरन काउंटीत, बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या वस्तीजवळ विषारी माती पुरण्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्यानंतर ही कल्पना रुजली. ‘प्रदूषण’ म्हटलं की फक्त हवा मोजतात. ‘न्याय’ म्हटलं की डेपो इथेच का, हे कोणाला विचारून ठरवलं, तेही विचारता येतं.

प्रश्नकर्ता : नवं वाक्य असं केलंय : ‘डेपो रोज संध्याकाळी सातनंतर सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सोडतो आणि ती आमच्या घरांत शिरते.’