मेल येतात, पण थंडरबर्डमधून एकही जात नाही

प्रश्न (रामबाग, इंदूर)
सप्रेम नमस्कार. आमच्या मराठी मंडळाचा पत्रव्यवहार मी थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममधून पाहतो. मंडळाचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर आहे. गेल्या आठवड्यात घरची ब्रॉडबँड कंपनी बदलली आणि त्या दिवसापासून मेल नेहमीसारखे येतात, परंतु जात नाहीत. ‘पाठवा’ दाबल्यावर पट्टी बराच वेळ सरकत राहते आणि मग आउटगोइंग सर्व्हरशी जोडणी होण्याआधी वेळ संपल्याची सूचना येते. मी पासवर्ड बदलला, थंडरबर्ड काढून पुन्हा टाकले, अँटिव्हायरस बंद ठेवून पाहिला. ब्राउझरमधून त्याच पत्त्यावरून मेल जातो, त्यामुळे दोष नेमका कोठे आहे हे कळत नाही. वार्षिक सभेची सूचना सभासदांना वेळेत पोहोचायला हवी, म्हणून घाई आहे.

पहिले उत्तर
काका, मेल येणे आणि मेल जाणे या थंडरबर्डच्या दृष्टीने दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. येणारा मेल आयमॅप या पद्धतीने, बहुधा ९९३ या पोर्टवरून (म्हणजे सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारातून) येतो आणि जाणारा एसएमटीपी या पद्धतीने जातो, त्यामुळे एक सुरळीत असली म्हणून दुसरीही असेल असे नाही. ब्राउझरमध्ये तर आपल्या संगणकाला एसएमटीपीशी बोलावेच लागत नाही. पासवर्ड चुकला असता तर सर्व्हरने तसे लगेच कळवले असते. येथे वेळ संपते आहे, म्हणजे आपण त्याच्या दारापर्यंतही पोहोचत नाही.

माझा संशय पोर्ट २५ वर आहे. ते सर्व्हरांच्या आपसातील देवाणघेवाणीसाठी आहे, आणि व्हायरस लागलेल्या घरगुती संगणकांतून स्पॅम सुटू नये म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या ते बंद ठेवतात. जुन्या कंपनीकडे ते उघडे असावे, इतकेच. ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये डाव्या यादीच्या तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ आहे. तेथे पोर्ट ४६५ आणि सुरक्षा ‘एसएसएल/टीएलएस’ करावी. तो चालला नाही तर ५८७ आणि ‘स्टार्टटीएलएस’. या जोड्यांची अदलाबदल झाली तर पुन्हा पट्टीच सरकत राहू शकते.

प्रश्नकर्ता
पोर्ट खरोखरच २५ होता. आता ४६५ केला, तर क्षणात ५३५ क्रमांकाची त्रुटी आली. आगीतून फुफाट्यात, दुसरे काय! नवा पासवर्ड अचूक आहे, कारण मेल त्याच पासवर्डने येत आहेत.

दुसरे उत्तर
फुफाटा नव्हे, अर्धे काम झाले आहे. ५३५ म्हणजे सर्व्हर भेटला, त्याने ओळख विचारली आणि ती त्याला पटली नाही. थंडरबर्ड येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे पासवर्ड निरनिराळे जपून ठेवते. आपण पासवर्ड बदललात तेव्हा येणाऱ्या बाजूने नवा विचारून घेतला. जाणारी बाजू सर्व्हरपर्यंत पोहोचतच नव्हती, म्हणून तिच्याकडे जुनाच राहिला असावा. प्रोग्राम पुन्हा टाकून उपयोग होत नाही, कारण पासवर्ड आणि सेटिंग्ज प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये असतात आणि ते फोल्डर तसेच राहते. (हे मला स्वतःला तीनदा प्रोग्राम टाकल्यावर उमगले.) सेटिंग्जच्या गोपनीयता विभागात ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ उघडून ‘एसएमटीपी’ने सुरू होणारी ओळ तेवढी काढून टाकावी. पुढचा मेल पाठवताना पासवर्ड विचारला जाईल. वापरकर्त्याचे नाव म्हणून संपूर्ण ईमेल पत्ता आहे ना, हेही पाहावे.

तिसरे उत्तर (वडोदरा)
जीमेलचे खाते असलेल्यांसाठी थोडी भर घालतो. तेथे ५३५ आल्यास नेहमीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा घालण्यात अर्थ नाही. २०२२ च्या मे अखेरीपासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्राममधून नेहमीच्या पासवर्डने प्रवेश करण्याची सोय बंद केली आहे. प्रमाणीकरणाची पद्धत ‘ओऑथ२’ (म्हणजे गूगलच्याच पानावर साइन-इन करून परवानगी देणे) निवडावी.

प्रश्नकर्ता
‘एसएमटीपी’च्या दोन ओळी निघाल्या, एक तर कित्येक वर्षांपूर्वीच्या इंटरनेट कंपनीची होती. दोन्ही काढल्या, पासवर्ड विचारला गेला आणि चाचणीचा मेल माझ्याच दुसऱ्या पत्त्यावर मिळाला. सभेची सूचना आज सायंकाळी पाठवतो. आपणा सर्वांचा आभारी आहे.