एम्प्रेस मिल: टाटांनी नागपूरच का निवडलं?

गणेशपेठकर

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी बाबांना घेऊन एम्प्रेस मॉलमध्ये गेलो होतो, चप्पल घ्यायची होती. गाडी लावली आणि बाबा तिथंच उभे राहिले. म्हणाले, "इथून भोंगा ऐकू यायचा ना, तर आपल्या घरी भांडी वाजायची. मी डबा घेऊन गेटवर उभा राहायचो तुझ्या आजोबांचा."

आजोबा इथल्या एम्प्रेस कापडगिरणीत, मिल नंबर एकमध्ये होते. बाहेर यायचे तेव्हा भुवयांवर कापूस बसलेला असायचा. डबा उघडायच्या आधी झाकणावर एक फुंकर मारायचे. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली तरी घरी जेवायला बसले की ताटावर फुंकर मारायचेच. ते मी स्वतः पाहिलंय.

आता तिथं एक वीटसुद्धा दिसत नाही, नाव तेवढं मॉलला राहिलंय. मला एवढंच विचारायचंय की मुंबईत गिरण्या असताना जमशेटजी टाटा आमच्या नागपुरात कशाला आले? आणि तेव्हा तिथं काय होतं? जुन्या माणसांनी जरा सविस्तर सांगा.

जुम्मा तलाव

भाऊ, तिथं दलदल होती. आपण ज्याला गांधीसागर म्हणतो तो जुम्मा तलाव, त्याच्या बाजूची पाणथळ जागा. भराव टाकून ती पक्की करावी लागली. एका मारवाडी सावकारानं कर्ज द्यायला नकार दिला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. पुढं त्यानंच कबूल केलं म्हणे, की टाटांनी माती पुरली आणि सोनं काढलं.

का आले, ते समजायला थोडं मागं जावं लागतं. जमशेटजी नवसारीचे. वडील नसरवानजी मुंबईत व्यापारी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि या घराण्याला जबर फटका बसला. त्यानंतर १८६९ मध्ये जमशेटजींनी चिंचपोकळीची बंद पडलेली तेलगिरणी घेतली, तिची सूतगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्यानं विकली. मग इंग्लंडात कापडगिरण्यांच्या लँकेशायरला जाऊन तिथला धंदा पाहून आले. दुसरा कोणी असता तर मुंबईतच दुसरी गिरणी काढली असती, कारण तेव्हा सगळे तेच करत होते. यांनी उलटा हिशेब मांडला: कापूस गिरणीकडे न्यायचा की गिरणी कापसाकडे? वर्धा, हिंगणघाट, वऱ्हाड, सगळा कापूस आपल्या दारात. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली होती. १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलावर 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' निघाली. गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस.

मला सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची माणसाची पारख. मॅनेजर म्हणून आणले बेझनजी दादाभाई मेहता. ते रेल्वेच्या मालवाहतुकीतले, कापडाचा अनुभव शून्य. त्याच बेझनजींनी पुढं कित्येक वर्षं गिरणी उत्तम चालवली.

वरोऱ्याची लेक

कोळसा राहिला की! वरोऱ्याची खाण जवळ होती, हेही नागपूर निवडायचं एक कारण होतं. आमच्या गावाचं नाव यात कोणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

रिंग खातं

मी याच मिलमध्ये बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागलो, पुढं कायम झालो. एक गोष्ट सांगतो, ती बाहेरच्यांना माहीत नसते. म्यूल आणि रिंग ही सूत कातायची दोन यंत्रं. जुन्या म्यूलवर गाडा पुढं-मागं जातो, जाताना पीळ देतो, येताना सूत गुंडाळतो. रिंगवर पीळ आणि गुंडाळणं एकाच वेळी होतं, चाती थांबतच नाही. लँकेशायरवाले म्यूलला चिकटून बसले होते तेव्हा जमशेटजी आणि त्यांचे इंजिनीअर ब्रुक्सबी यांनी नागपुरात रिंग लावून पाहिली, जमली, आणि वाढवत नेली. मी उभा राहायचो त्या खात्याची सुरुवात अशी झाली, हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि कामगारांचं म्हणाल तर १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. तेव्हा असा कायदा नव्हता, कोणी मागितलंही नव्हतं. १९८६ ला गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, पुढं बंद पडली, पाडली. ते लिहायला हात चालत नाही.

हातमाग

सगळं खरं आहे, पण दुसरी बाजूही असू द्या. आमचं घर कोष्ट्यांचं. मिलचं सूत आणि मिलचं कापड आल्यावर घरोघरचे माग हळूहळू बसले. आमच्या पणजोबांनी माग माळ्यावर टाकला आणि मिलचा बिल्ला घेतला. घरात पगार आला हे नाकारत नाही. पण आजी सांगायची, त्यांना जरीकाठाचं लुगडं विणता यायचं आणि मिलमध्ये दिवसभर तुटलेला धागा जोडायचं काम मिळालं. मिलची आठवण काढताना त्या मागाचीही काढावी.

गणेशपेठकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री बाबांना हे वाचून दाखवलं. दलदलीचं ऐकून म्हणाले, पावसाळ्यात गेटपाशी पाणी साचायचं, डबा डोक्यावर धरून यावं लागायचं. हातमाग, तुमचं वाचून बराच वेळ गप्प होते. आमच्याकडेही आजोबांच्या आधी माग होता, हे मला कालच कळलं.

रिंग खात्यातल्या काकांना बाबांचा एक प्रश्न आहे: तुमची पाळी कोणती होती? आजोबा शेवटपर्यंत पहिल्या पाळीला होते. जमलं तर कळवा, बाबा वाट पाहून राहिले आहेत.