मदत हवी आहे: ईपॉकमध्ये इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतात, पण गॅमा फोटॉन शून्य

मलप्रभा_खानापूर
नमस्कार मंडळी. बेळगावात कॉलेजच्या १६ कोअरच्या मशीनवर ईपॉकचा (लेसर आणि प्लाझ्माचं गणित कणाकणाने करणारा प्रोग्रॅम) द्विमितीय रन चालू आहे. लेसर ०.८ मायक्रॉन, ३० फेम्टोसेकंद, तीव्रता १० चा २२वा घात वॅट प्रति चौ. सेंमी. टार्गेट पूर्ण आयनीभूत कार्बन, इलेक्ट्रॉन घनता क्रिटिकलच्या (ज्यापुढे साधा लेसर प्लाझ्मात शिरत नाही त्या घनतेच्या) १० पट. सेल (गणिताच्या जाळीचा एक चौकोन) २० नॅनोमीटर. क्यूईडी (फोटॉन उत्सर्जनाचं क्वांटम गणित) चालू, रेडिएशन रिअ‍ॅक्शन (फोटॉन सोडताना इलेक्ट्रॉनला बसणारा उलट धक्का) चालू, फोटॉनची किमान ऊर्जा ५००००. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा घटताना स्पष्ट दिसते, तरी फोटॉन स्पीशीज, म्हणजे फोटॉनांची यादी, रिकामी. शिवाय लाईट गेली की यूपीएस वीसच मिनिटं टिकतो. काय करू?

वेदगंगा_निपाणी
५०००० च्या पुढे एकक लिहिलंय का? नसेल तर ईपॉक ते ज्यूल धरतो. एवढ्या ऊर्जेचा फोटॉन कुठून येणार! "५० गुणिले केईव्ही" असं लिहा. या मर्यादेखालचे फोटॉन यादीत येत नाहीत, पण त्यांचा धक्का इलेक्ट्रॉनला बसतोच, म्हणून ऊर्जा घटलेली दिसते. फोटॉन निर्मितीचा पर्याय बंद राहिला तरी हेच लक्षण दिसतं, तोही बघा की.
विजेसाठी रीस्टार्ट डंप (रन पुन्हा तिथूनच सुरू करता येईल अशी साठवलेली फाईल) ठेवा. दोन डंपांमधला वेळ यूपीएसपेक्षा कमी हवा.

मलप्रभा_खानापूर
एकक नव्हतंच. आता फोटॉन आले, आभारी आहे. पण सेल १० नॅनोमीटर केल्यावर एकूण गॅमा ऊर्जा बदलते. कुठला आकडा धरू?

मार्कंडेय
अजून कुठलाच नको. तुमचा ए-शून्य (लेसर क्षेत्राची ताकद सांगणारा एककविरहित आकडा) साधारण ६८ आहे. इलेक्ट्रॉनची वळणं नीट टिपायला एका लेसर आवर्तनात ए-शून्यापेक्षा बरीच जास्त वेळेची पावलं लागतात. २० नॅनोमीटरला, नेहमीच्या ०.९५ गुणकाने (स्थिर राहणाऱ्या कमाल पावलाचा हिस्सा), जेमतेम ६० पडतात. १० ला सुमारे १२०. नुसता गुणक कमी करून पावलं वाढवू नका: ग्रिडवर लाटेचा वेग आणखी घसरतो आणि लाटेबरोबर धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा चुकते. सेलच बारीक करा. सेल निम्मा केला की काम आठपट होतं, तेव्हा आधी टार्गेटची रुंदी कमी करून तपासा.

यात भौतिकीही आहे. लेसरच्याच दिशेने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनवर विद्युत आणि चुंबकीय बल जवळजवळ एकमेकांना खोडतात, त्यामुळे तो फारसा चमकत नाही. घनता ए-शून्य पट क्रिटिकलच्या खाली असल्याने तुमचं टार्गेट सापेक्षतेमुळे पारदर्शक होतं, लेसर आत नळी खोदतो, आणि नळीतल्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनला वाकवतं. गॅमा मुख्यतः तिथून निघतात. लेसरचं स्वतःचं क्षेत्र सुमारे ९ लाख टेस्ला. नळीतलं त्याच्या पाचव्या भागाइतकं असेल तर गॅमा गुणक (इलेक्ट्रॉनची ऊर्जा स्थिर-ऊर्जेच्या किती पट) ५०० असलेल्या इलेक्ट्रॉनसाठी χ (क्वांटम परिणाम किती मोठा ते सांगणारा आकडा) ०.०२ च्या आसपास येतो, सरासरी फोटॉन २ एमईव्ही. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या तयार होणं इथे नगण्य, तो पर्याय बंद ठेवा.

आवर्तनावर सरासरी काढलेल्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा दोन्ही रनमध्ये काढा. तो जुळला आणि गॅमा ऊर्जा जुळली नाही, तर दोष पावलाचाच.

मलप्रभा_खानापूर
८ नॅनोमीटरचा अरुंद रन लावलाय. नकाशे इथेच टाकते.