प्रतिसाद: मे महिन्यात उड्डाण पहाटेच का?

वर विचारलंय, मे महिन्यात विमान उडवण्याचा सराव पहाटेच का? दिवसा हवेत विमानाला धक्के लागतात हे खरंच, पण मोठं कारण म्हणजे तापलेली विरळ हवा. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटरवर. ४५ अंशांत विमानाला ती दीड हजार मीटरवर असल्यासारखी वाटते. पंखांना उचल कमी, इंजिनाचा जोर कमी, धाव लांबते. सेसना १७२ हे चार आसनी छोटं विमान घेऊन मी एकदाच दुपारी निघालो होतो. चढता चढेना, तळहात ओले झाले.

सकाळचं सुख वेगळंच. आमच्या भंडाऱ्याकडचे तलाव, उन्हाळी धानाच्या हिरव्या बांध्या! नऊनंतर मात्र नांगरलेल्या वावरावर तापलेली हवा वर उठते नि विमान उसळतं, गार तलावावर अलगद खाली बसतं. खाली न बघताही कळतं, गाव आलं.